जलरंगात चिखल का होतो? तांब्यापासून कौलारू घरापर्यंत, या चुका टाळा

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्र काही नवीन नसतं. टेबलावर मांडलेलं भांडं, शेजारी एखादं फळ, मागे सोडलेलं कापड, हे सगळं हाताखालून गेलेलं असतं. पण त्या वयात बहुतेकांचा हात बसतो तो पोस्टर कलरवर. तिथे उजेड हवा असेल तर पांढरा मिसळायचा, चुकलं तर वरून दुसरा थर चढवायचा. पुढे कधीतरी हौसेने जलरंगांची पेटी घेतली की हात आपसूक तेच करायला जातो आणि कागदावर चिखल होतो. मग खापर फुटतं रंगांच्या जाणिवेवर. खरं तर रंग कोणता निवडला याने फारसं बिघडत नाही. ब्रशमध्ये पाणी किती होतं आणि चित्रात उजेड कुठे ठेवला होता, म्हणजे कागद कुठे कोरा सोडला होता, हे दोन हिशेब चुकलेले असतात.

पाणी

आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, छान बसला आहे, फक्त एका कोपऱ्यात रंग जरा कमी वाटतो, म्हणून तुम्ही ओला ब्रश तिथे टेकवता. दोन मिनिटांत त्या जागी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कातरलेली कड उमटते. याचं कारण साधं आहे. कागद अर्धवट सुकलेला असतो आणि ब्रशमध्ये त्याहून जास्त पाणी असतं. ते पाणी पसरताना अजून न बसलेले रंगाचे कण ढकलत नेतं आणि कडेला साठवतं. तेव्हा नियम एकच: ओल्या वॉशमध्ये भर घालायची असेल तर ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी आणि जास्त रंग हवा. कागद तिरका धरून पाहा. पाणी आरशासारखं चमकत असेल तर रंग सोडायला वाव आहे. चमक मंदावली, नुसती ओलसर झाक उरली, की हात बाजूला घ्या. सुकलं का हे बघायला बोट टेकवू नका, बोटाचा तेलकटपणा कागदावर राहतो. हाताची मागची बाजू हलकेच लावा. कागद गार लागला तर तो अजून ओला आहे.

ही चमक किती वेळ टिकेल, ते तुम्ही कुठे बसला आहात त्यावर आहे. जुलैत कोकणात पडवीत बसून काम केलं तर पहिला थर सुकता सुकत नाही. घाई करून दुसरा दिला की दोन्ही मिसळून गढूळ होतात. उलट मे महिन्यात विदर्भात दुपारी आकाशाची एक बाजू रंगवेपर्यंत दुसरी सुकलेली असते आणि मध्ये कडक रेघ येते. पावसाळ्यात दोन चित्रं एकदम सुरू ठेवावीत, एक सुकेपर्यंत दुसऱ्यावर काम. उन्हाळ्यात सकाळी लवकर बसावं, कागद मागूनही ओला करावा आणि बोर्ड सावलीत धरावा. उन्हात पांढरा कागद डोळ्यांवर इतका चमकतो की टोनचा, म्हणजे रंगाच्या गडद-फिकेपणाचा, अंदाजच चुकतो, हा वेगळा तोटा.

पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. आणि जलरंग सुकल्यावर फिका पडतो हे धरूनच चाला. ओला असताना ‘अगदी बरोबर’ वाटलेला रंग सुकल्यावर मिळमिळीत दिसतो, मग त्यावर थरावर थर चढतात आणि पारदर्शकता जाते. पहिल्या फटक्यातच थोडा जास्त गडद लावायचं धाडस करा.

तांब्या आणि पितळ

गोल भांड्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ काढताना दोन्ही टोकांना अणकुचीदार कोपरे येतात. लंबवर्तुळाला कोपरा कुठेच नसतो, टोकालाही तो वळतोच. दुसरी चूक तळाची: तोंड वळणदार काढायचं आणि बूड मात्र सरळ रेघेवर बसवायचं. भांडं नजरेच्या खाली असेल तर बुडाचं वळण तोंडापेक्षा जास्त गोलसर दिसतं, कारण ते नजरेच्या रेषेपासून जास्त लांब असतं. भांडं पारदर्शक आहे असं समजून मागची न दिसणारी कडही फिकट काढा, नंतर पुसा. भांडं कलतं दिसतंय का, हे तपासायला चित्र उलटं धरून पाहा. डाव्या-उजव्या बाजूतला फरक लगेच खटकतो.

पितळ रंगवायचं म्हणजे सगळीकडे पिवळा, असा एक समज आहे. पितळेचा तांब्या पाच मिनिटं नीट बघा. त्यात पिवळा थोडाच असतो. खिडकीच्या बाजूला निखळ पांढरा, त्याला लागून एकदम काळपट तपकिरी पट्टा, खाली टेबलावरच्या कापडाचा रंग, कडेला आकाशाची निळसर झाक. धातू चकाकतो तो या शेजारशेजारच्या टोकांमुळे, आणि त्यांच्यामधल्या कडा बऱ्याच ठिकाणी कडक असतात. त्या मऊ केल्या की तांब्या मातीचा दिसू लागतो. म्हणून पांढऱ्या जागा आधी पेन्सिलीने हलक्या आखून कोऱ्या सोडा. यलो ऑकर (मातकट पिवळा) किंवा गॅम्बोजचा (उबदार पिवळा) पहिला थर सुकू द्या, मग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), शेवटी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून केलेला गडद.

काळी ट्यूब मात्र दूर ठेवा. वर सांगितलेलं मिश्रण जवळजवळ काळं होतं, आणि हवं तसं उबदार किंवा थंड करता येतं. सारवलेल्या अंगणावर पडलेली सावली काळी नसते, त्यात जमिनीचा तपकिरी आणि वरच्या आकाशाचा निळा दोन्ही असतात. फोटोवरून काम करणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण कॅमेरा सावल्या काळ्याकुट्ट करून टाकतो.

उजेड राखण्याचा नमुना बघायचा असेल तर चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ बघा. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हे चित्र अनेक जण राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते जलरंगातलं आहे. दिव्यावर धरलेल्या हाताच्या बोटांमधून येणारा उजेड प्रखर वाटतो, कारण भोवतालचा अंधार तितका खोल नेला आहे. उजेड वाढवायचा तर बाजूचं गडद करायचं, हे त्यात धडधडीत दिसतं.

गाव काढताना

कौलारू घराची सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येक कौल काढणं. छप्पर मग जाळीसारखं दिसतं. वळचणीजवळची पाच-सहा कौलं, उजेड-सावलीच्या सीमेवरची काही आणि कोन्याची कड, एवढं पुरतं. छपराचा बाकीचा भाग एका वॉशमध्ये जाऊ द्या, त्यातच कुठे हिरवट शेवाळ, कुठे नव्या कौलाचा तांबूस ठिपका. पट्टीने रेघा मारू नका, जुन्या घराचं आढं थोडं बसलेलं असतं आणि चित्रात तेच बोलतं.

उभं राहून काढत असाल तर वळचणीची रेघ दूर जाताना खाली उतरते आणि जोत्याची रेघ वर चढते, दोन्ही नजरेच्या पातळीवर मिळतात. बाजूच्या भिंतीवरचं त्रिकोणी टोक अनेक जण पट्टीने मोजून मधोमध काढतात आणि घर वाकडं होतं. त्या भिंतीच्या चौकोनाचे दोन कर्ण काढा. ते जिथे छेदतील तिथून सरळ वर रेघ न्या, टोक त्या रेघेवर येतं.

माणसांचीही तीच गोष्ट. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल तर जवळच्या आणि लांबच्या मोठ्या माणसांची डोकी साधारण एकाच रेषेत, क्षितिजावर येतात, फक्त पाय वरखाली होतात. हे विसरलं की पाणंदीतली बाई बाहुली आणि पारावरचा म्हातारा राक्षस होतो. स्टुलावर बसून काढत असाल तर ती रेषा सगळ्यांच्या कमरेच्या आसपास येईल. नाक-डोळे काढू नका. खांद्याची ठेवण आणि चाल जमली की माणूस ओळखू येतो.

सॅप ग्रीन ट्यूबमधून थेट कागदावर लावण्याचा मोह पावसाळ्यात फार होतो. भात, बांबू, आंबा, माड सगळे एकाच हिरव्यात निघतात. लेमन यलो आणि अल्ट्रामरीन मिसळून भाताचा कोवळा हिरवा होतो. आंब्याच्या गर्द पानांसाठी प्रुशियन ब्लू, गॅम्बोज आणि थोडा बर्न्ट सिएना. लांबच्या डोंगरावरच्या झाडीत हिरवा जवळजवळ नसतोच, निळसर राखाडीच जास्त असतो. हिरवा भडक झाला तर त्यात चिमूटभर लाल घाला.

आणखी एक, हे माझं वैयक्तिक मत समजा. वाईजवळच्या मेनवलीच्या घाटावर बसूनही लोक कॅलेंडरवरचं गाव काढतात: लाकडी चाकांची गाडी, डोक्यावर घागर, कंदील. समोर मात्र टायरची बैलगाडी, निळं प्लॅस्टिकचं पिंप, पत्र्याचा गोठा आणि डिश अँटेना असते. ते निळं पिंप मातकट रंगांत काय खुलून दिसतं! जे दिसत नाही ते काढताना पाठांतरच कागदावर उतरतं.

कागद, आणि झालेली चूक

ड्रॉइंगच्या साध्या वहीत जलरंग शिकता येत नाही. कागद फुगतो, पाणी खळग्यांत साठतं आणि दोष तुमच्या हाताला मिळतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या. महाग वाटला तर एका तावाचे आठ तुकडे करा, छोट्या आकारात शिकणं सोपंही जातं. पेन्सिल हलकी चालवा. रबराने घासलेल्या जागी कागदाचा पृष्ठभाग उखडतो आणि तिथे रंग डाग धरून बसतो. पेनने रेखाटन करून वर रंग देणार असाल तर शाई पाण्यात न पसरणारी आहे ना, हे आधी कोपऱ्यात पाहा.

नव्या कागदावर रंग टिपकागदासारखा शोषला जाऊन ठिपके उमटत असतील तर कागदाला दमट हवा लागली आहे, त्याचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेली खळ, गेलं आहे. त्याला सोपा इलाज नाही. असा कागद पेन्सिल-शाईसाठी वापरा, आणि बाकीचा प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा.

नको तिथे रंग गेला तर ओला असतानाच पिळलेल्या ब्रशने उचला. सुकल्यावर अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना बऱ्यापैकी निघतात: स्वच्छ पाणी लावा, अर्धा मिनिट थांबा, टिश्यूने दाबा. घासू नका. प्रुशियन ब्लू आणि अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) कागदात मुरतात, ते पूर्ण निघत नाहीत. तिथे डाग झाकत बसण्यापेक्षा जुन्या पुठ्ठ्याचे दोन एल आकाराचे तुकडे कापा, चित्रावर सरकवत फिरवा आणि जेवढा भाग जमला आहे तेवढ्याची चौकट ठरवून कागद तिथेच कापा.