टेनिसच्या बॉलचं रॉकेट: या चुका टाळा

जुना टेनिस बॉल डोक्यावर बसवलेली रॉकेट्स मी बरीच उडवली आहेत आणि दुसऱ्यांची पडताना त्याहून जास्त पाहिली आहेत. पडण्याची कारणं मोजकीच आहेत आणि दरवेळी तीच असतात. बॉलला शोभेची वस्तू समजून बाकीचं रॉकेट नेहमीसारखं बांधायचं, या एका सवयीतून त्यातल्या बहुतेक चुका होतात. हवेच्या दृष्टीने तो बॉल म्हणजेच रॉकेट असतं. मागची नळी त्याची शेपटी. हे एकदा डोक्यात बसलं की नळीची लांबी, पंखांची रुंदी, मोटर (मागे बसवायची बारूद भरलेली तयार नळी), रॉड (जिच्यावरून रॉकेट सुटतं ती उभी सळई) यांचा विचार आपोआप वेगळा होतो.

बॉलच्या सावलीत बसलेले पंख

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

टेनिस बॉलचा व्यास साधारण ६.७ सेंटीमीटर. आपण वापरतो ती कागदी नळी अडीच सेंटीमीटरची. म्हणजे बॉल नळीच्या चारही बाजूंनी २१ मिलिमीटर बाहेर येतो. रॉकेट वर जात असताना हवा बॉलला वळसा घालते, पण मागे लगेच नळीला येऊन चिकटत नाही. बॉलच्या मागे घुसळलेल्या, दिशाहीन हवेचा एक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात जेवढा पंख असेल तेवढा जवळजवळ वाया जातो, कारण पंखाला काम करायला वेगाने सरळ येणारी हवा लागते.

माझं पहिलं बॉल-रॉकेट मी भाच्यासाठी बांधलं होतं. नळी २५ सेंटीमीटरची, पंख नळीपासून जेमतेम १८ मिलिमीटर बाहेर. बाल्साच्या हलक्या लाकडाचे होते, कडा गोल घासलेल्या, दोन हात रंग दिलेला. समोरून पाहिलं तर बॉलच्या आड चारही पंख पूर्ण झाकले जात होते आणि मला ते छानच वाटलं होतं. रॉडवरून रॉकेट सरळ निघालं. दोन पुरुष उंची गेलं असेल नसेल, शेपटी एका बाजूला गेली आणि ते हवेत कोलांट्या खायला लागलं. मोटर जळत होती, धुराची वेटोळी वाढत होती, आणि ते आमच्याच दिशेने सरकत होतं. भाच्याला मी खांद्याला धरून मागे ओढलं. रॉकेट आमच्यापासून सात-आठ पावलांवर गवतात आपटलं, आणि दोन-तीन सेकंदांनी जमिनीवर पडल्या पडल्या पॅराशूट बाहेर फेकणारा बार उडाला. गवताचा एक पुंजका काळा पडला. ओला होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. त्या दिवसापासून बॉल-रॉकेटचे पंख मी समोरून बघितल्याशिवाय कधी चिकटवलेले नाहीत.

असं का झालं ते समजून घ्या. गोल वस्तूवर हवेचा दाब पृष्ठभागाला काटकोनात बसतो, त्यामुळे दाबाच्या सगळ्या रेषा गोलाच्या केंद्रातून जातात. बॉलला हवेचा जो अडथळा होतो, तो बॉलच्या केंद्रावर मागे ढकलत असतो. रॉकेटचा गुरुत्वमध्य मात्र त्या केंद्राच्या मागे, नळीत कुठेतरी असतो. पुढून ढकललं जातंय आणि तोल मागे आहे, अशी वस्तू उलटीच व्हायला बघते. तिला सरळ ठेवायचं काम एकट्या पंखांचं. आणि तेच बॉलच्या आडोशाला!

‘टेनिस बॉल जड आहे, नाक जड म्हणजे रॉकेट सरळ’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की आधी मोटर आत घालून तोल बघायला सांगतो. बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास असतो हे खरं. पण डी१२ नावाची मोटर आपण वापरतो, ती भरलेली असताना चाळीस ग्रॅमच्या वर जाते आणि ती अगदी शेवटच्या टोकाला बसते. रिकामं रॉकेट बोटावर तोलून गुरुत्वमध्य काढला तर तो खोटा येतो. मोटर, पॅराशूट, आगरोधक कागद, सगळं आत घालून तोला आणि त्या जागी पेन्सिलने रेघ मारा.

माझा उपाय सोपा आहे. नळी किमान ४५ सेंटीमीटर. चार पंख, प्रत्येक नळीपासून ६ सेंटीमीटर बाहेर, म्हणजे बॉलच्या सावलीबाहेर जवळजवळ ४ सेंटीमीटर पंख उरतो. रॉकेट बॉलकडून डोळ्यांसमोर धरायचं. प्रत्येक पंखाचा अर्ध्याहून जास्त भाग बॉलच्या कडेबाहेर दिसला पाहिजे. नाही दिसला तर नवे पंख कापा. हे जरा बेढब दिसतं, मान्य आहे. बॉल-रॉकेट देखणं दिसावं म्हणून पंख लहान करणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

कॉम्प्युटरवर ‘ओपनरॉकेट’मध्ये आकृती काढून ‘स्टेबल दाखवतंय’ म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. त्यामागची गणितं १९६०च्या दशकात जेम्स बॅरोमन यांनी मांडलेल्या समीकरणांवर उभी आहेत, आणि ती समीकरणं सडपातळ, नाकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या रॉकेटसाठी आहेत. पंखांवर येणारी हवा स्वच्छ आहे असं ती धरून चालतात. बॉलच्या मागची घुसळण त्या आकड्यात येत नाही. प्रोग्राम जरूर वापरा, पण नंतर दोरीची चाचणीही करा. उडवताना असेल तसं सगळं भरलेलं रॉकेट गुरुत्वमध्याच्या रेघेवर दोरीने बांधायचं, दोरी पक्की चिकटपट्टीने अडकवायची आणि तीन मीटर दोरीवर डोक्याभोवती गरगर फिरवायचं. बॉल पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवं झालं किंवा शेपटी पुढे आली तर ते उडवायचं नाही. आखूड, जाड रॉकेटच्या बाबतीत ही चाचणी जरा कडक आहे, हिच्यात नापास झालेलं एखादं रॉकेट प्रत्यक्षात सरळ जाऊही शकतं. तरी मी उडवत नाही.

लग नळीला चिकटवणं

लाँच रॉड ज्यातून जातो ती छोटी नळी म्हणजे लग. नेहमीच्या रॉकेटला ती थेट अंगाला चिकटवतात, म्हणून नवशिके इथेही तसंच करतात, आणि मैदानावर गेल्यावर कळतं की रॉड बॉलला अडतोय. घरी एकदा रॉड घालून बघायला अर्धं मिनिट लागतं. कुणीच बघत नाही!

मग मैदानावर जे चालतं ते बघवत नाही. एकाने माझ्यासमोर रॉड काढून टाकला आणि रॉकेट पंखांवर उभं करून बटण दाबायला निघाला. मी वायर उपटली. त्याला राग आला, पण रॉडशिवाय रॉकेट सोडणं म्हणजे ते कुठे जाईल हे नशिबावर सोडणं. सुरुवातीला वेग इतका कमी असतो की पंखांना हवाच पकडता येत नाही. त्या पहिल्या ९० सेंटीमीटरमध्ये दिशा राखण्याचं काम रॉडचंच असतं. दुसऱ्या एकाने बॉल एका बाजूने चाकूने तासला होता. ते रॉकेट त्या बाजूला वळत वळत गेलं.

दोन लग घ्या आणि प्रत्येकीखाली बाल्साचा ठोकळा ठेवा, लगचं केंद्र नळीच्या पृष्ठभागापासून २५ मिलिमीटरवर येईल असा. एक लग गुरुत्वमध्याजवळ, एक मागे. चिकटवताना दोन्हींतून रॉड घालूनच ठेवा, म्हणजे त्या एका रेषेत येतात. गोंद वाळेपर्यंत रॉड मधूनमधून फिरवत राहा, नाहीतर तोही चिकटतो. या वजनाला मी ३ मिलिमीटरऐवजी ५ मिलिमीटरचा रॉड वापरतो. बारीक रॉड वाकून झोका घेतो.

वजन न करता मोटर निवडणं

नियमातला टेनिस बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. त्यात नळी, पंख, पॅराशूट, मोटर धरली की तयार रॉकेट १३० ते १५० ग्रॅमवर जातं. सी६ या छोट्या मोटरची शिफारस केलेली कमाल मर्यादा ११० ग्रॅमच्या आसपास आहे. तरी लोक सी६ घालतात, कारण ती घरात पडलेली असते. रॉकेट रॉडवरून कसंबसं सुटतं, वाऱ्याकडे झुकतं आणि आडवंच निघतं.

सरासरी जोर वजनाच्या पाचपट तरी हवा. डी१२ मधला १२ म्हणजे सरासरी जोर न्यूटनमध्ये. १५० ग्रॅमचं वजन जवळपास दीड न्यूटन, म्हणजे आठपट मिळतो. सी६ च वापरायची असेल तर टेनिस बॉल सोडा आणि स्पंजचा हलका बॉल घ्या. आणि मोटर कारखान्यातलीच हवी. घरी बारूद कालवणाऱ्यांशी मी या विषयावर बोलतही नाही.

लांब डिले

मोटरच्या नावातला शेवटचा आकडा म्हणजे ती जळून संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूटचा बार उडतो. डी१२-३, डी१२-५, डी१२-७ अशा तीन मिळतात. ‘जास्त वेळ म्हणजे जास्त उंची’ असा एक गोड गैरसमज आहे. उंची त्या आकड्याने वाढत नाही. बॉलचं समोरचं क्षेत्रफळ नळीच्या सातपट आहे, त्यामुळे मोटर संपली की रॉकेट हवेत ब्रेक लावल्यासारखं मंदावतं आणि तीनेक सेकंदांत माथ्यावर पोचतं. सातची मोटर घातली तर पुढचे चार सेकंद ते नाक खाली करून पडत असतं आणि मग त्या वेगात पॅराशूट उघडतं. माझी एक नळी अशीच वरून खाली बोटभर चिरली गेली, कारण झटक्याने ताणलेल्या दोरीने कागद सुरीसारखा कापला. बॉल-रॉकेटला डी१२-३ घ्या.

बॉल चिकटवण्यातली घाई

बॉलच्या केसाळ कापडावर इपॉक्सी गोंद लावून बॉल सांध्यावर (मुख्य नळीत सरकून बसणारा छोट्या नळीचा तुकडा) दाबला की पाच मिनिटांत घट्ट बसल्यासारखा वाटतो. तो कापडाला चिकटलेला असतो, बॉलला नाही. पहिल्याच बाराला कापड सोलून बॉल वेगळा पडतो, आणि ५८ ग्रॅमचा रबरी गोळा पॅराशूटशिवाय खाली येतो.

मी आधी बॉलला बारीक भोक पाडून आतली हवा सोडतो. नव्या बॉलमध्ये दाब असतो आणि थेट सुरी घातली तर ती उसळते. मग जिथे सांधा बसणार तिथलं कापड खरवडून काढतो, रबर खडबडीत घासतो, धूळ पुसतो. सांध्याच्या नळीहून दोन मिलिमीटर लहान भोक पाडतो, म्हणजे रबर स्वतःच नळीला आवळून धरतं. नळी आत पुढच्या भिंतीपर्यंत जाऊ देतो आणि दोन्हीकडे इपॉक्सी. एवढ्यावरही माझा विश्वास नसतो, कारण कडक इपॉक्सी आणि लवचीक रबर यांचं फार दिवस जमत नाही. म्हणून पॅराशूटची दोरी सांध्याला न बांधता बॉलच्या आरपार नेतो आणि पुढच्या टोकाला प्लॅस्टिकच्या बटणात गाठ मारतो. ते बटण बाहेरून दिसतं. दिसू द्या. गोंद सुटला तरी बॉल दोरीवर राहतो. मग पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. पाच मिनिटांचं इपॉक्सी पाच मिनिटांत फक्त घट्ट होतं, त्याला पुरती ताकद यायला बराच वेळ लागतो.

बाकीच्या, थोडक्यात

बॉल आणि नळी यांना जोडणारी पॅराशूटची दोरी आखूड ठेवू नका. रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, नाहीतर जड बॉल परत येऊन पंखच तोडतो.

पॅराशूट ४५ सेंटीमीटरचं. ३० सेंटीमीटरच्या पॅराशूटवर हे वजन दीडपट वेगाने उतरतं.

सांधा नळीत इतका घट्ट नको की बाराने बॉल निघणारच नाही. रॉकेट उलटं धरून हळू हलवलं की बॉल सुटून यावा, नुसतं उलटं धरल्यावर सुटू नये.

स्पंजच्या बॉलमध्येच मोटर बसवून तो उडवत असाल तर ती आत खोल लपवू नका. नोझल (मोटरचं धूर सोडणारं तोंड) आत गेली की जोर मोठ्या प्रमाणात घटतो आणि स्पंज पेटतो. मोटरचं टोक थोडं बाहेरच हवं. थर्मोकोलसारख्या बॉलवर फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद लावाल तर समोर खड्डा पडताना दिसेल. तिथे साधा पांढरा गोंद वापरा.

टेबल टेनिसचा बॉल नाकाला सुंदर बसतो, २.७ ग्रॅमच असतो. पण खोक्यातले जुने बॉल सेल्युलॉइडचे असतात आणि सेल्युलॉइड भसकन पेटतं. आत बार उडणार आहे हे विसरू नका. २०१४ नंतर स्पर्धांमध्ये प्लॅस्टिकचे बॉल आले, तेच घ्या. खात्री नसेल तर त्याच खोक्यातला दुसरा एखादा बॉल उघड्यावर कापून छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटवून बघा.

लेदर बॉल कुठल्याही रॉकेटवर नाही. तो १५६ ग्रॅमचा दगड आहे आणि खाली माणसं उभी असतात. कोणी कितीही हट्ट केला तरी मी त्याला रॉड देत नाही.

बटण दाबताना डी किंवा त्याहून छोटी मोटर असेल तर किमान ५ मीटर मागे. बॉल-रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाला मी १० मीटर मागे उभा राहतो आणि सगळ्यांना उभंच राहायला सांगतो, खुर्च्या नकोत. कोलांट्या खात येणाऱ्या रॉकेटपासून बसलेल्या माणसाला वेळेत हलता येत नाही.