ब्रेक दाबला की गाडी थरथरते?

स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी पुढच्या ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकत्या) पाहा. सीट हादरत असेल तर मागच्या. ब्रेक न लावताही थरथर असेल, तर बहुधा व्हील बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा समतोल) बिघडलंय.

गाडी जॅक स्टँडवर उचलून चाक काढा, नटांनी डिस्क हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) आवळा आणि डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) लावून डिस्क फिरवा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला, तरी लगेच नवी डिस्क आणू नका! कागदाएवढी पातळ गंजाची खपलीसुद्धा डिस्क तिरकी बसवते. तारेच्या ब्रशने हब घासा, पुन्हा मोजा. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी डिस्कची जाडी तपासा. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ डिस्क बदलायचीच, तीही डाव्या-उजव्या जोडीने. कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिना अडकत नाहीत ना, तेही बघा.

शेवटी नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळा.