एएम रेडिओ खरखरतोय? शेजारी लूप अँटेना ठेवून पाहा

रेडिओची बाहेर ओढायची लांब दांडी एएमच्या कामाची नसते. ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी. मीडियम वेव्हचा, म्हणजे एएमचा, सिग्नल पकडते ती पोटातली फेराइटची (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची) कांडी, आणि लहान रेडिओत ती फारच आखूड असते. म्हणून ट्यूनिंगचं बटण असलेला लूप अँटेना, म्हणजे तारेच्या वेढ्यांचं कडं, घ्या. वायर जोडायची गरज नाही. लूप शेजारी ठेवला की चुंबकीय क्षेत्रातूनच सिग्नल कांडीत उतरतो.

आधी रेडिओवर केंद्र लावा, मग लूपचं बटण अगदी सावकाश फिरवा. एका जागी आवाज एकदम उठतो, तिथे थांबा. केंद्र बदललं की पुन्हा जुळवायचं. आतली कांडी लूपच्या कड्याला काटकोनात येईल असा रेडिओ ठेवा; बोटभर सरकवलं तरी फरक पडतो.

आता दोन्ही एकत्र फिरवा. लूपची कड केंद्राकडे असताना सिग्नल सर्वांत जोरदार, सपाट बाजू वळली की जवळजवळ गायब! त्यामुळे मध्ये घुसणाऱ्या दुसऱ्या केंद्राकडे सपाट बाजू करून ते दाबता येतं. मला हा उपयोग आवाज वाढण्याहूनही मोलाचा वाटतो. एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर मात्र आधी बंद करून बघा, बरीचशी खरखर त्यांचीच असते.