गाडी घेताय? कोल्हापूरचंही कोटेशन आणा

एकाच गाडीवर बेळगावात एक सूट, कोल्हापुरात दुसरी. कंपन्या ऑफर भाग बघून काढतात: केरळात ओणमला, महाराष्ट्रात गणपतीला. आपण निपाणीकर, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचे, दोन्हीकडे विचारायचं.

१. लेखी कोटेशन घ्या. रोख सूट, एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी दिल्यावर मिळणारी जादा सूट), विमा, ॲक्सेसरीज वेगवेगळ्या ओळींत. ‘सगळं मिळून साठ हजार’ म्हणाले की समजा, त्यात मॅट अन् सीटकव्हर धरलंय.
२. एक्स-शोरूम किमतीतून (रोड टॅक्स, विमा धरण्याआधीची किंमत) रोख सूट वजा करून आकडे ताडून पाहा.
३. कमी आकड्याचा कागद बेळगावच्या शोरूममध्ये टेबलावर ठेवा. बरेचदा तिथंच जमतं.

फक्त एक: निपाणीत राहून कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच-०९ (कोल्हापूरचं) पासिंग करू नका. नाहीतर १२ महिन्यांवर गाडी इथं राहिली की परत नंबर बदला, कर्नाटकाचा रोड टॅक्स भरा.