स्ट्रॅटेजी गेमचा दुसरा भाग: पब्लिशरबरोबर काम कसं लावायचं

पहिला भाग बरा खपला आणि पब्लिशरचा (गेमला पैसे पुरवून तो बाजारात आणणाऱ्या कंपनीचा) ‘दुसरा करूया का?’ असा मेल आला, की गोव्यात पर्वरी-म्हापशातल्या आठ-दहा जणांच्या स्टुडिओत आधी ग्राफिक्सवर चर्चा सुरू होते. ती चर्चा सहा महिने लांबली तरी काही बिघडत नाही. स्ट्रॅटेजी गेमचा पुढचा भाग सहसा दोनशे-तीनशे टर्ननंतर (टर्न म्हणजे चालींची एक फेरी) ढेपाळतो, आणि करारातले टप्पे मात्र पहिल्या वीस मिनिटांच्या चकचकीत डेमोवर बेतलेले असतात. म्हणून करार, टप्पे, चाचणी, सगळं उत्तरार्धाकडून मागे मोजत आणायचं.

आधी काय राहणार ते ठरवा

‘सिव्हिलायझेशन’ करणाऱ्या फिरॅक्सिसमध्ये एक जुना हिशेब आहे: पुढच्या भागात एक तृतीयांश जसंच्या तसं, एक तृतीयांश सुधारलेलं, एक तृतीयांश नवं. प्रमाण तंतोतंत पाळायची गरज नाही, पण तक्ता जरूर करा. पहिल्या गेममधली प्रत्येक व्यवस्था वेगळ्या ओळीवर घ्या: संशोधन, व्यापार, वेढा, मुत्सद्देगिरी, नकाशा, सेव्ह. छोट्या गेममध्येही पंचवीस-तीस ओळी सहज होतात. प्रत्येकीपुढे ‘तशीच’, ‘सुधारित’ किंवा ‘नवी’ लिहा. नव्या गोष्टीसमोर तिच्यामुळे काय काढून टाकणार हेही लिहा, नाहीतर गेम नुसता फुगत जातो. या कागदावर पब्लिशरच्या प्रोड्यूसरची, म्हणजे तुमच्या गेमवर देखरेख ठेवणाऱ्या त्यांच्या माणसाची, सही घ्या आणि तो कराराला जोडा. वर्षभराने प्रोड्यूसर बदलतो (बदलतोच), आणि नवा माणूस ‘यात थेट लढाई का नाही?’ असं विचारतो. तेव्हा हाच कागद पुढे करायचा.

मोठा बदल करू नये असा याचा अर्थ नाही. 2016 च्या ‘एक्सकॉम 2’ने तर पहिल्या भागात माणसं परग्रहवाल्यांपुढे हरली असंच गृहीत धरलं आणि बचावाचा खेळ गनिमी काव्यावर नेला. चौकोनांवरची टर्नवाली लढाई मात्र तशीच ठेवली, त्यामुळे जुना खेळाडू पहिल्या मोहिमेतच रुळला. उलट फेब्रुवारी 2025 मध्ये आलेल्या ‘सिव्हिलायझेशन 7’ने युग बदललं की संस्कृतीही बदलायला लावली आणि जुन्या खेळाडूंमध्ये त्यावरून सरळ दोन तट पडले. ज्या गोष्टीशी खेळाडू शेवटपर्यंत बांधलेला असतो, तिला हात लावायचा तर चाचणीला वर्षभर आधी बसा.

मालकी कोणाची

2012 च्या डिसेंबरात टीएचक्यू या पब्लिशरने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा त्याच्या रेलिक स्टुडिओकडे ‘कंपनी ऑफ हीरोज 2’ अर्धवट होता. जानेवारी 2013 च्या लिलावात रेलिक सेगाने घेतली आणि गेम जूनमध्ये बाहेर पडला. रेलिकनेच घडवलेलं ‘होमवर्ल्ड’ मात्र वेगळं विकलं गेलं, ते गियरबॉक्स या दुसऱ्या कंपनीकडे. 2024 चा ‘होमवर्ल्ड 3’ रेलिकने केलेला नाही, तो ब्लॅकबर्ड या दुसऱ्या स्टुडिओने केला. घडवणारे एकीकडे, नाव दुसरीकडे.

म्हणून चार मुद्दे लेखी हवेत. गेमचं नाव आणि जग कोणाच्या मालकीचं. तिसऱ्या भागाबाबत पब्लिशरला नुसतं ‘आधी विचारायचं’, की बाहेरची ऑफर आली तर ‘तेवढ्यालाच आम्ही घेऊ’ म्हणायचा हक्क. यातला दुसरा प्रकार महागात पडतो, कारण त्यानंतर बाहेरचा कोणी मनापासून ऑफरच देत नाही. पब्लिशर विकला किंवा बुडाला तर हक्क किती दिवसांत परत. आणि काम मध्येच थांबलं तर तोवरचा कोड कोणाचा. वाद कुठे सोडवायचा तेही बघून घ्या. कॅलिफोर्नियाच्या कोर्टात उभं राहायचा खर्च छोट्या स्टुडिओला वादाच्या रकमेपेक्षा जास्त पडू शकतो. सिंगापूर किंवा मुंबईचा लवाद मागून पाहा.

पैसे: टक्क्यांआधी वसुली वाचा

सगळे ‘पन्नास-पन्नास’वर अडतात. खरी मेख पब्लिशरने दिलेली आगाऊ रक्कम कशातून वळती होते यात असते. उदाहरणापुरते आकडे घेऊ. किंमत 1000 रुपये. सवलत, परतावे, कर जाऊन सरासरी 650 उरले असं धरा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचे 30 टक्के, म्हणजे 195 गेले. राहिले 455. आगाऊ रक्कम 3 कोटी.

वसुली पूर्ण 455 मधून असेल, तर साधारण 66 हजार प्रतींनंतर तुमचा वाटा सुरू होतो. वसुली फक्त तुमच्या निम्म्या वाट्यातून, म्हणजे 227 रुपये 50 पैशांतून असेल, तर 1 लाख 32 हजार प्रती लागतात, आणि तोवर पब्लिशरच्या हाती 6 कोटी आलेले असतात. दोन्ही करारांवर ‘पन्नास टक्के’च छापलेलं! त्यात जाहिरात, भाषांतर आणि कन्सोल पोर्टचा (गेम कन्सोलवर चालेल असा करण्याचा) खर्च वसुलीत धरला जातो का ते बघा. दीड कोटी वाढले तर पहिल्या पद्धतीतही आकडा 99 हजारांवर जातो. या खर्चांना वरची मर्यादा घाला, आणि वर्षातून एकदा हिशेब तपासण्याचा हक्क ठेवा.

परदेशातून पैसे येणार असतील तर दरवर्षी जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरा आणि परकीय चलन आल्याची बँकेची पावती जपून ठेवा. तिकडे कर कापला जाणार असेल तर ठरलेली रक्कम कापण्याआधीची की नंतरची, तेही करारात स्पष्ट हवं. बाकी सीएवर सोडा.

टप्पे कसे लिहायचे

पब्लिशरला लवकर काहीतरी देखणं हवं असतं. ॲक्शन गेममध्ये एक पूर्ण सजवलेला प्रसंग बघून बाकीच्याचा अंदाज येतो, स्ट्रॅटेजीत येत नाही. वीस मिनिटांत फक्त दोन शहरं आणि चार तुकड्या दिसतात. संगणकाचा विरोधक मूर्ख आहे हे दीडशेव्या टर्नला कळतं. म्हणून दुसरा टप्पा असा मागा: कुरूप चालेल, पण पहिल्या टर्नपासून विजयाच्या पडद्यापर्यंत खेळता आलं पाहिजे.

करारातलं वाक्य मोजता येईल असं हवं. ‘एआय (म्हणजे संगणकाचा विरोधक) चांगला असावा’ हे भांडणाला आमंत्रण. त्याऐवजी असं: ‘मध्यम नकाशा, सहा विरोधक, ठरवून दिलेला संगणक, 200 व्या टर्नला विरोधकांची चाल 12 सेकंदांत संपेल, एआय विरुद्ध एआय सलग 50 सामने क्रॅशशिवाय पूर्ण होतील.’ त्याखाली मंजुरीची मुदत: बिल्ड (गेमची त्या वेळची चालती आवृत्ती) दिल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर टप्पा मंजूर. ही ओळ नसेल तर बिल्ड कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहतो आणि इकडे पगार थकतात.

पब्लिशरचे टेस्टर रोज नवा सामना सुरू करतात, त्यामुळे चाळीसाव्या टर्नपुढे सहसा कोणी पोचत नाही. प्रत्येक बिल्डबरोबर 50, 150 आणि 300 व्या टर्नच्या सेव्ह फाइल द्या आणि त्या उघडून काय बघायचं ते दोन ओळींत लिहा. बिल्ड बदलला की जुनी सेव्ह उघडेनाशी होते, म्हणून एआयचे रात्रीचे सामने लावून नव्या सेव्ह आपोआप तयार करून घ्या. मल्टिप्लेअर असेल तर प्रत्येक टर्नला दोन्ही संगणकांवरच्या स्थितीचा चेकसम (सगळ्या स्थितीवरून काढलेला एक पडताळणीचा आकडा) ताडून बघा. दशांशांच्या हिशेबातला बारीकसा फरक साठ टर्ननंतर दोघांना दोन वेगळे नकाशे दाखवतो, आणि मूळ जागा तेव्हा शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

कॅलेंडर

चवथीच्या आठवड्यात टप्प्याची तारीख घेऊ नका. डिचोली-पेडण्याची, सत्तरीची मुलं घरी जाणार, आणि जावंच. नाताळही सोडा. पब्लिशर युरोपातला असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे मंजुरी द्यायला माणूस नसतो, म्हणजे जूननंतरचा टप्पा थेट सप्टेंबरअखेरीस. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्हींचा भरवसा नाही. मोठा बिल्ड आदल्या रात्री चढवा, दुसऱ्या कंपनीची लाइन ठेवा. स्टॉकहोम किंवा पॅरिससाठी दुपारी अडीचची बैठक वर्षभर जमते. कॅलिफोर्निया असेल तर रात्रीचे साडेनऊ-साडेदहा, तेव्हा आठवड्यातून एकच.

प्रकाशनाच्या आधी

ऑक्टोबर 2023 मध्ये ‘सिटीज: स्कायलाइन्स 2’ हा शहर वसवण्याचा गेम पीसीवर आला. कन्सोल आवृत्ती आधीच पुढे ढकलली होती, शिफारस केलेला संगणक वरचा केला होता आणि गेमचा वेग ठरवलेल्या पातळीला पोचला नाही असं स्टुडिओने स्वतःच सांगितलं होतं. तारीख मात्र हलली नाही. पहिला भाग मॉडवर, म्हणजे खेळाडूंनीच केलेल्या बदलांवर आणि भरींवर, जगला होता, तरी मॉडची साधनं पहिल्या दिवशी नव्हती. 2025 च्या अखेरीस गेम करणारा कोलोसल ऑर्डर स्टुडिओ आणि पब्लिशर पॅराडॉक्स यांनी वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळेसाठी करारात ‘तारीख हलवण्याची अट’ हवी: अमुक संगणकावर सेकंदाला अमुक फ्रेम मिळाले नाहीत तर तीन महिने पुढे, आणि त्या तीन महिन्यांचा पगार कोण देणार हे आकड्यासकट. मॉड बनवणाऱ्या दोन-तीन जणांना आधीच बिल्ड द्या. ‘एक्सकॉम 2’च्या वेळी, पहिल्या भागाचा ‘लाँग वॉर’ हा मॉड करणाऱ्यांचे नवे मॉड प्रकाशनाच्या दिवशीच हजर होते.

स्टीम नेक्स्ट फेस्टमध्ये (येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा स्टीमवरचा महोत्सव) एका गेमला एकदाच जाता येतं. पब्लिशर घाई करतो. डेमो कच्चा असेल तर ठाम नाही म्हणा.

शेवटी स्टीमचं खातं. गेमचं पान पब्लिशरच्या खात्यावर असेल तर बिल्ड चढवण्याची आणि तो खेळाडूंपर्यंत सोडण्याची, दोन्ही परवानग्या स्टुडिओतल्या निदान दोघांना लेखी मिळवून घ्या. प्रकाशित गेमचा मुख्य बिल्ड सोडताना स्टीम 2023 च्या ऑक्टोबरपासून फोनवर कोड मागतं. तो फोन फक्त पब्लिशरच्या माणसाकडे असला आणि शुक्रवारी संध्याकाळी सेव्ह खराब करणारा बग सापडला, तर दुरुस्ती तयार असूनही सोमवार दुपारपर्यंत ती तुमच्याच संगणकावर पडून राहील.