घरच्या कम्प्युटरसाठी जास्त बटणांचा माऊस घेताय? आधी चाक तपासा

आमच्या सोसायटीचे हिशेब माझ्याकडे आहेत. एक्सेलच्या शीटमध्ये ८४ सदनिका उभ्या आणि बारा महिने आडवे. मार्चअखेरीला या शीटवर सलग चार-पाच तास बसलं की उजव्या हाताची तर्जनी दुखायला लागायची. म्हणून मी नऊ बटणांचा एक माऊस घेतला. त्यातली तीनच बटणं वापरात आली आणि आठ महिन्यांत चाक बिघडलं. पान खाली न्यायला जावं तर ते दोन ओळी खाली जायचं आणि एक ओळ वर उडी मारायचं. दुसरा माऊस घेताना मी घाई केली नाही. तेव्हा जे तपासलं आणि त्यानंतर नातेवाइकांना माऊस निवडून देताना जे लक्षात आलं, ते इथे क्रमाने सांगतो.

१. दुकानात जाण्याआधी एक दिवस नोंद ठेवा

कीबोर्डशेजारी एक कोरा कागद ठेवा. दिवसभर कम्प्युटरवर जे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं, त्याचं नाव लिहा आणि दर वेळी पुढे एक रेघ मारा. मागच्या पानावर जाणं, कॉपी, पेस्ट, अक्षर मोठं करणं, शीट आडवी सरकवणं, एका खिडकीतून दुसरीत जाणं, अशी ही कामं असतात. संध्याकाळी कागद पाहिला की तीन-चार कामांपुढेच रेघांची गर्दी दिसते. तुम्हाला बटणं हवीत ती या तीन-चार कामांसाठी.

माझ्या कागदावर सगळ्यात जास्त रेघा होत्या त्या मराठी आणि इंग्रजी कीबोर्ड बदलण्यापुढे. हे मला आधी सुचलंच नव्हतं. विंडोजमध्ये त्यासाठी विंडोज आणि स्पेस या दोन कळा दाबाव्या लागतात. आता ते काम अंगठ्याखालचं एक बटण करतं. मराठीत टंकणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हेच सुचवतो. माझ्या आईच्या कागदावर मात्र एकच काम होतं, पोथीच्या पीडीएफमधली अक्षरं मोठी करणं. तिला जास्त बटणांची गरजच नव्हती. कंट्रोलची कळ दाबून चाक फिरवलं की अक्षरं मोठी होतात, एवढं दाखवलं आणि काम झालं.

२. चाक: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस आला आणि चाक घरोघरी पोचलं. आज माऊसचा सगळ्यात जास्त फिरणारा भाग तोच आहे आणि बहुतेक वेळा आधी बिघडतोही तोच. तरीही लोक माऊस निवडताना डीपीआयचा आकडा (माऊस एक इंच सरकवला की पडद्यावरचा बाण किती ठिपके सरकतो तो) वाचतात, रंगीत दिवे पाहतात आणि चाकाला बोटही लावत नाहीत.

चाक किती फिरलं हे मोजणारा एक छोटा भाग आत असतो, त्याला एन्कोडर म्हणतात. स्वस्त माऊसमध्ये तो बहुधा यांत्रिक असतो. त्यात धातूचे बारीक स्पर्शक घासत फिरतात. ते झिजले किंवा त्यांच्यात धूळ गेली की मोजणी चुकते आणि पान उलट्या दिशेला उडी मारतं. माझ्या चाकाचं हेच झालं होतं. दुसऱ्या प्रकारात खाचा असलेल्या चकतीतून प्रकाश जातो आणि तो किती वेळा अडला हे मोजलं जातं. मोजणीत काही घासत नसल्यामुळे अशी झीज होत नाही. खोक्यावर ऑप्टिकल एन्कोडर किंवा ऑप्टिकल व्हील असं लिहिलेलं असेल, तर मी थोडे पैसे जास्त मोजायला तयार असतो. नुसतं ऑप्टिकल माऊस असं लिहिलेलं असेल, तर ते माऊसच्या पोटाखालच्या प्रकाशाबद्दल आहे. त्याचा चाकाशी संबंध नाही.

आता चाकाची चाल. खाचांचं चाक टक टक करत फिरतं आणि प्रत्येक खाचेला ठरावीक ओळी सरकतात. हिशेबाची शीट, फोटोंची यादी, दुरुस्तीचं काम, जिथे नेमक्या जागी थांबायचं असतं तिथे हेच चांगलं. मोकळं चाक एका झटक्याने कितीतरी वेळ फिरत राहतं. चारशे पानांची पीडीएफ किंवा मतदार यादी पाहताना त्याने बोटाचे खरोखर कष्ट वाचतात. काही माऊसमध्ये दोन्ही चाली असतात. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर ३ एसचं चाक हळू फिरवलं तर खाचा जाणवतात आणि जोरात फिरवलं तर ते आपोआप मोकळं होतं. त्याच कंपनीच्या जी ५०२ मध्ये चाल बदलायला चाकामागे वेगळं बटण आहे. दोन चालींचा माऊस घेताना चाल कशाने बदलते हे नक्की विचारा. काहींमध्ये चाक दाबल्यावर चाल बदलते, आणि मग चाक दाबून लिंक नव्या टॅबमध्ये उघडण्याची सोय जाते. रोज दहा-वीस टॅब उघडणाऱ्याला ते फार खटकतं.

डावीकडे-उजवीकडे कलणारं चाक आडव्या शीटसाठी सोयीचं असतं. त्यासाठी पैसे देण्याआधी कीबोर्डची मदत घेऊन पाहा. क्रोममध्ये शिफ्ट दाबून चाक फिरवलं की पान आडवं सरकतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबावे लागतात. डावा हात मोकळा असेल तर एवढ्यावर भागतं. माझा डावा हात पावत्या उलटण्यात गुंतलेला असतो, म्हणून मला कलणारं चाक उपयोगी पडलं.

हातात घेऊन चाक असं तपासा. एकेक खाच सावकाश फिरवा. प्रत्येक टक सारखी जाणवली पाहिजे, एखादी घट्ट आणि एखादी ढिली नको. मग चाक वीसेक वेळा दाबा. दाबताना ते पुढे-मागे घसरत असेल, तर घरी प्रत्येक वेळी पान हलेल. दाबायला इतकं कडक असेल की सगळा पंजा ताठतो, तर तो माऊस परत ठेवा.

३. बटणं मोजा, पण खोक्यावरचा आकडा पाहून नको

खोक्यावर सहा बटणं असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यात डावं, उजवं, चाकाचं दाबणं आणि डीपीआय बदलण्याचं बटणही धरलेलं असतं. अंगठ्यासाठी उरतात दोन. चाक कलणारं असेल तर त्याच्या दोन बाजूही दोन बटणं म्हणून मोजल्या जातात. त्यामुळे अंगठ्याखाली किती बटणं आहेत, एवढंच मोजा.

विंडोज स्वतःहून पाच बटणं ओळखतं: डावं, उजवं, मधलं आणि अंगठ्याची दोन. अंगठ्याची दोन बटणं ब्राउझरमध्ये मागे-पुढे जाण्याचं काम कुठलंही सॉफ्टवेअर न टाकता करतात. त्यापुढच्या बटणांना हवं ते काम द्यायला बहुधा सॉफ्टवेअर लागतं, आणि म्हणून माऊसइतकंच त्याचं सॉफ्टवेअर पाहणं गरजेचं आहे. कंपनीच्या साइटवर जाऊन ते तुमच्या कम्प्युटरवर चालतं का, हे विकत घेण्याआधी वाचा. मॅकवर अंगठ्याच्या बटणांनाही बऱ्याचदा कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी पायपर नावाचं मोफत साधन आहे, पण ते ठरावीक मॉडेलांवरच चालतं, तेव्हा आधी यादी पाहा. विंडोजवर एक्स-माऊस बटन कंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर साध्या पाच बटणांच्या माऊसलाही वेगवेगळी कामं शिकवतं. माझ्या मते बहुतेक घरांना पाच बटणांचा माऊस आणि हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. हजार-दीड हजारात अशा माऊसची चांगली निवड मिळते.

ऑफिसचा लॅपटॉप घरी आणून काम करत असाल, तर त्यावर सॉफ्टवेअर टाकायची परवानगी बहुधा नसते. अशा वेळी ऑनबोर्ड मेमरी असलेला माऊस शोधा. घरच्या कम्प्युटरवर एकदा बटणं ठरवली की ती माऊसच्या आतच साठतात आणि लॅपटॉपवर तशीच चालतात.

अंगठ्याखाली बारा बटणं असलेले माऊसही असतात. रेझरचा नागा त्यातला प्रसिद्ध. एकाच खेळात वीस-पंचवीस आज्ञा लागणाऱ्यांसाठी ते बनवलेले आहेत आणि व्हिडिओ संकलन करणारेही ते आवडीने वापरतात. पण पेपर वाचणं, बँकेचं काम, मुलांचा अभ्यास एवढाच वापर असेल, तर न पाहता सातवं बटण कुठलं आणि आठवं कुठलं हे अंगठ्याला कळेपर्यंत महिने जातात.

४. हात

हा भाग ऑनलाइन खरेदीत पार निसटतो. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी पट्टीने मोजा. ढोबळमानाने १७ सेंटिमीटरच्या आत असेल तर लहान माऊस बघा आणि १९ च्या वर असेल तर मोठा. मग आपण माऊस धरतो कसा ते पाहा. पूर्ण तळवा टेकत असेल तर उंच पाठीचा माऊस आराम देतो. फक्त बोटांच्या टोकांनी धरत असाल तर हलका आणि बुटका बरा.

त्यानंतर अंगठ्याची परीक्षा. पकड न बदलता अंगठा दोन्ही बटणांवर पोचतो का? माऊस उचलून दुसरीकडे ठेवताना चुकून बटण दाबलं जातं का? दुसरं जास्त महत्त्वाचं. लांबलचक फॉर्म भरता भरता मागे जाण्याचं बटण दाबलं गेलं, तर भरलेली माहिती जाऊ शकते.

घरात कोणी डावखुरं असेल तर त्याला विचारल्याशिवाय माऊस घेऊ नका. अंगठ्याची बटणं असलेले बहुतेक माऊस उजव्या हाताच्या आकाराचे असतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण बदलता येतं, आकार बदलता येत नाही. दोन्ही बाजूंनी सारखे असलेले माऊस मिळतात आणि डाव्या हातासाठी खास बनवलेलेही मिळतात, फक्त थोडी शोधाशोध करावी लागते.

५. वायर, डोंगल आणि आकडे

टेबल एकाच जागी असेल तर वायरचा माऊस घ्या. सेल बदलणं नाही, डोंगल (बिनवायरच्या माऊसचा, यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा तुकडा) हरवणं नाही. वायर मऊ आहे का तेवढं पाहा, कडक वायर माऊसला मागे ओढत राहते.

बिनवायरचा हवा असेल तर ब्लूटूथपेक्षा डोंगलवाला डेस्कटॉपला सोयीचा पडतो, कारण कम्प्युटर सुरू होतानाच्या बायोसच्या पडद्यावर ब्लूटूथ माऊस सहसा चालत नाही. डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि यूएसबी ३ च्या, सहसा निळ्या, पोर्टमधून त्याच पट्ट्यात रेडिओ लहरींचा गोंगाट निघतो. बाण अडखळत असेल तर डोंगल निळ्या पोर्टमधून काढून काळ्या पोर्टमध्ये लावा, किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणा. बरेच लोक या एका कारणासाठी चांगला माऊस बदलून टाकतात.

डीपीआयचा हिशेब सोपा आहे. पडदा १९२० ठिपके रुंद असेल आणि माऊस १६०० डीपीआयचा असेल, तर सव्वा इंचाच्या आत बाण या टोकाहून त्या टोकाला पोचतो. घरच्या कामाला एवढं भरपूर आहे, पंचवीस हजारांच्या आकड्याने काही फरक पडत नाही. टेबलावर काच असेल तर मात्र साध्या माऊसचा बाण भरकटतो. त्यावर पॅड हा सगळ्यात स्वस्त इलाज.

६. दुकानात आणि नंतर घरी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली किंवा तुमच्या गावातलं कम्प्युटरचं दुकान, जिथे हात लावून बघू देतात तिथेच जा. उघडा नमुना मागा. कानाजवळ धरून हळूच हलवा, आत काही खुळखुळायला नको. खोक्यावर छापील किंमत आणि आयात केलेला असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आहे का ते वाचा, ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पक्कं बिल घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा, कारण कागद फिका पडतो आणि वॉरंटी मागताना तारीख दिसावी लागते.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी दोन चाचण्या करा. एखादी फाइल डाव्या बटणाने पकडून पडद्यावर अर्धा मिनिट फिरवत राहा. ती मध्येच सुटली, किंवा एका क्लिकचे दोन क्लिक झाले, तर बटणाचा स्विच सदोष आहे. मग एक लांब पान उघडून चाक फक्त खालच्या दिशेने शंभर खाचा फिरवा. पान एकदाही वर गेलं तर माऊस बदलून मागा.

दोन्ही चाचण्या पार पडल्या की विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये जा. एका खाचेला किती ओळी सरकायच्या, तो आकडा मुळात ३ असतो. वाचनाला मी ५ ठेवतो, हिशेबाच्या दिवसांत २. बटणांना कामं देताना सगळी एकदम देऊ नका. पहिल्या आठवड्यात कागदावर सगळ्यात जास्त रेघा असलेलं एकच काम द्या, दुसरं काम पुढच्या आठवड्यात. आणि एकाच कम्प्युटरवर घरातले दोघं-तिघं बसत असतील, तर विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं करा. नाहीतर तुम्ही पेस्टसाठी ठरवलेलं बटण आईने मागच्या पानावर जायला दाबलं, की ती वाचत असलेलं पान जागचं हलणार नाही आणि तिला वाटेल, कम्प्युटरच बिघडला.