मॉड्युलेटेड प्रकाशाने लाइफटाइम मोजताना या चुका टाळा

मॉड्युलेटेड प्रकाश वापरून ल्युमिनेसन्सचा लाइफटाइम, म्हणजे उद्दीपनानंतर नमुन्याची चमक साधारण किती काळ टिकते तो काळ, मोजणारे उपकरण प्रत्यक्षात काळ मोजत नाही, ते कोन मोजते. उद्दीपक प्रकाशाची, म्हणजे नमुन्याला चमकायला लावणाऱ्या प्रकाशाची, तीव्रता साइन लाटेप्रमाणे कमी-जास्त केली की नमुन्यातून निघणारा प्रकाशही त्याच वारंवारतेने कमी-जास्त होतो, मात्र तो थोडा मागे राहतो आणि त्याच्या चढउताराची खोलीही घटते. या मागे राहण्याच्या कोनाला आपण फेज म्हणतो आणि त्या कोनाचा टॅन म्हणजे कोनीय वारंवारता (वारंवारतेची २π पट) गुणिले लाइफटाइम, असे हे एका ओळीचे सूत्र आहे. सूत्र इतके सोपे असल्यामुळेच घोटाळे होतात, कारण त्यात कोणताही कोन घातला तरी ते मुकाट्याने काळ काढून देते, मग तो कोन नमुन्याचा असो, केबलचा असो किंवा छतावरच्या ट्यूबलाइटचा. नागपुरात फॉस्फरवर, म्हणजे उद्दीपित केल्यावर चमकणाऱ्या पावडरींवर, काम करणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, आणि दरवर्षी प्रकल्प सादर करण्याचे दिवस जवळ आले की त्याच त्या चुकांनी भरलेले तक्ते माझ्यासमोर येतात. त्यातल्या काही चुका इथे नोंदवत आहे.

वारंवारता सवयीने निवडणे

आधीच्या विद्यार्थ्याने १ किलोहर्ट्झवर मोजले म्हणून आपणही तिथेच मोजायचे, ही पद्धत सोडून द्यावी. कोनीय वारंवारता आणि लाइफटाइम यांचा गुणाकार एकाच्या आसपास असला, म्हणजे फेज ४५ अंशांच्या जवळ असली, की मोजमाप सर्वांत भरवशाचे होते. ४ नॅनोसेकंदांसाठी ही वारंवारता सुमारे ४० मेगाहर्ट्झ येते, १०० मायक्रोसेकंदांसाठी १.६ किलोहर्ट्झ आणि ३ मिलिसेकंदांसाठी अवघी ५३ हर्ट्झ. फेज ४५ अंशांजवळ असताना वाचनातली एका अंशाची चूक लाइफटाइममध्ये साडेतीन टक्क्यांची चूक घडवते. ८५ अंशांजवळ तोच एक अंश पंचवीस टक्क्यांचा फरक पाडतो. लाइफटाइमचा अंदाज नसेल, तर आधी ढोबळ मोजून घ्यावे, मग वारंवारता बदलून पुन्हा मोजावे. याला लागणारा अर्धा तास ज्यांना जड वाटतो, त्यांचे पुढचे सगळे तास वाया जातात.

संदर्भ एका मांडणीवर आणि नमुना दुसऱ्या मांडणीवर

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे आणि तिच्यावर मला सविस्तर लिहायचे आहे. लॉक-इन ॲम्प्लिफायर (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल वेगळा काढून मोजणारे उपकरण) जी फेज दाखवतो तिच्यात नमुन्याच्या फेजबरोबरच एलईडीच्या ड्रायव्हरची, डिटेक्टरची, प्रीॲम्प्लिफायरची आणि केबलचीही फेज मिसळलेली असते. ही भेसळ वजा करण्यासाठी आपण नमुन्याच्या जागी केवळ प्रकाश विखुरणारा पदार्थ ठेवून शून्य ठरवतो; हाच आपला संदर्भ. पावडरींसाठी बेरियम सल्फेट चालते, द्रावणांसाठी कोलॉइडल सिलिका. दोन्ही मोजमापांच्या वेळी इलेक्ट्रॉनिक्स अगदी तेच असेल, तरच ही वजाबाकी खरी ठरते. अडचण अशी, की विखुरलेला प्रकाश प्रखर असतो आणि नमुन्याचा मंद. त्यामुळे घाईत असलेला माणूस संदर्भासाठी गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) कमी करतो आणि नमुन्यासाठी वाढवतो. तिथेच सगळे बिघडते.

येथील एका प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी ऑक्सिजन ओळखणाऱ्या फिल्मवर काम करत होती. पॉलिस्टायरीनमध्ये प्लॅटिनम पॉर्फिरिन मिसळून तिने फिल्म बनवली होती. अशा रंगद्रव्याचा लाइफटाइम नायट्रोजनमध्ये शंभर मायक्रोसेकंदांच्या आत असायला हवा आणि हवेत, ऑक्सिजनमुळे, तो बराच घटायला हवा. तिला मात्र नायट्रोजनमध्ये तीनशेच्या आसपास आणि हवेत अडीचशेच्या जरा खाली आकडे मिळत होते. ‘फिल्ममध्ये ऑक्सिजन शिरतच नाही, सर,’ असे म्हणून तिने पॉलिमर बदलला, जाडी कमी केली, सॉल्व्हंट बदलला. मार्गदर्शकांनीही आकड्यांवर विश्वास ठेवून फिल्मलाच दोषी ठरवले होते. तिच्या वहीत संदर्भ आणि नमुना यांच्या फेज नीट लिहिलेल्या होत्या, पण लोड रेझिस्टरचा रकाना कुठेच नव्हता. विचारल्यावर कळले, की संदर्भ मोजताना फोटोमल्टिप्लायरला (तिच्या डिटेक्टरला) १० किलोओहमचा रेझिस्टर लावला होता आणि नमुन्याचा सिग्नल कमी पडतो म्हणून नंतर तिथे १ मेगाओहमचा बसवला होता.

आता हिशेब पाहावा. साध्या कोॲक्सियल केबलची धारिता मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असते. तिची केबल दोन मीटर लांब होती, म्हणजे २०० पिकोफॅरड, शिवाय लॉक-इनच्या इनपुटची थोडी वेगळी. १ मेगाओहम गुणिले २०० पिकोफॅरड म्हणजे २०० मायक्रोसेकंदांचा उशीर. नमुन्याच्या खऱ्या लाइफटाइमच्या दुपटीहून मोठा हा काळ निव्वळ तारेचा होता, आणि संदर्भ लहान रेझिस्टरवर घेतलेला असल्यामुळे तो वजा होण्याचा प्रश्नच नव्हता. मी तिला बाकी काहीही न बदलता केबल तेवढी अर्ध्या मीटरची लावायला सांगितले. नायट्रोजनमधला लाइफटाइम निम्म्याहून खाली आला. केबल कापली की ज्याचा लाइफटाइम घटतो, असा कोणताही रेणू अस्तित्वात नाही.

यावर माझी सवय अशी, की आधी नमुना ठेवून गेन, रेझिस्टर, डिटेक्टरचा व्होल्टेज आणि केबल ठरवून टाकायचे आणि मग संदर्भ मोजताना यातल्या कशालाही हात लावायचा नाही. संदर्भाचा प्रकाश जास्त झाला तर प्रकाशाच्या वाटेत न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर ठेवावा. तो प्रकाश मंद करतो, या वारंवारतांना जाणवेल असा उशीर करत नाही. फिल्टर नसेल तर संदर्भाच्या पदार्थापुढे बारीक छिद्राचा काळा पत्रा लावला तरी भागते. ट्रान्सइम्पीडन्स प्रीॲम्प्लिफायर (डिटेक्टरच्या प्रवाहाचे व्होल्टेज करणारा) वापरणाऱ्यांनी स्वतःला यातून सुटलेले समजू नये, कारण गेनची कळ एक घर पुढे सरकवली की त्याची बँडविड्थ बदलते आणि फेजही बदलते.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे मोजमापाच्या मधोमध लॉक-इनचे ‘ऑटो फेज’ बटण दाबणे. ते बटण वाचनातली फेज शून्यावर आणून ठेवते, त्यामुळे पडदा नीटनेटका दिसतो आणि संदर्भाशी असलेला संबंध तुटतो. माझ्या मते नवशिक्यांसाठी त्या बटणावर कागद चिकटवून ठेवावा.

१०० हर्ट्झवर मोजणे

मिलिसेकंदांचे लाइफटाइम असलेले नमुने, म्हणजे टर्बियम किंवा युरोपियम घातलेले फॉस्फर, काही दहा हर्ट्झ ते शंभर-दोनशे हर्ट्झ या पट्ट्यात मोजावे लागतात. आपल्या घरातली वीज नेमकी याच पट्ट्यात बसलेली आहे. मेन्सची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे दिव्यांचा प्रकाश १०० हर्ट्झने लपलपतो. एका विद्यार्थ्याने टर्बियमच्या फॉस्फरसाठी १०० हर्ट्झ निवडले, कारण आकडा पूर्ण होता. नमुन्याचा डबा त्याने पुठ्ठ्याचा केला होता आणि त्याला एका कोपऱ्यात फट होती. टर्बियमची हिरवी रेषा ५४५ नॅनोमीटरला येते, म्हणून त्याने फिल्टर तिथलाच लावला. परंतु ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याची हिरवी रेषा ५४६ नॅनोमीटरला असते, आणि तीन रंगांचे फॉस्फर असलेल्या ट्यूबमध्ये तर हिरवा रंग टर्बियमचाच असतो. म्हणजे बाहेरचा नको असलेला प्रकाश अडवण्याऐवजी त्याचा फिल्टर त्याला मानाने आत घेत होता.

वाचन सावकाश वरखाली होत होते. त्याने ते कूलरमुळे होणाऱ्या तापमानबदलावर ढकलले आणि पुष्कळ वाचनांची सरासरी काढून तिसऱ्या दशांशापर्यंत आकडा लिहिला. खरे कारण असे, की ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झवर खिळलेली नसते. ती ४९.९७ असेल तर दिव्याचा प्रकाश ९९.९४ हर्ट्झने बदलतो आणि १०० हर्ट्झवर बसलेल्या लॉक-इनमध्ये या दोहोंतला फरक सुमारे १७ सेकंदांच्या हेलकाव्यासारखा दिसतो. टाइम कॉन्स्टंट (लॉक-इन ज्या काळावर सरासरी घेतो तो) वाढवून तो काही अंशी दबतो, पण ग्रिड ५० च्या अगदी जवळ आले की हेलकावा इतका मंद होतो, की कोणताही टाइम कॉन्स्टंट त्याला पुरत नाही आणि ते वाचन स्थिर, सुंदर आणि चुकीचे असते.

उपाय साधा आहे. ५० च्या पटींपासून दूर राहावे; मी ३७, ७३, ८३, १२७ अशा वारंवारता वापरतो. आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एलईडी बंद ठेवून, बाकी सर्व चालू ठेवून, लॉक-इन काय दाखवतो ते लिहून ठेवावे. तिथे जे दिसते ते नमुन्याचे नाही, एवढे तरी निश्चित कळते.

उद्दीपक प्रकाशाची गळती

फॉस्फरची पावडर पांढरी असते आणि ती उद्दीपक प्रकाश भरपूर विखुरते. त्यातला थोडासा भाग फिल्टरमधून निसटून डिटेक्टरवर पोहोचला तर किती बिघडते, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. फेज ४५ अंश असताना एकूण प्रकाशात दहा टक्के विखुरलेला प्रकाश मिसळला, तर फेजवरून काढलेला लाइफटाइम अठरा टक्क्यांनी कमी येतो, पण मॉड्युलेशनच्या, म्हणजे चढउताराच्या, खोलीवरून काढलेला लाइफटाइम जेमतेम एका टक्क्याने घटतो. उलट, दहा टक्के स्थिर, न लपलपणारा प्रकाश शिरला तर फेज जशीच्या तशी राहते आणि मॉड्युलेशनवरून काढलेला लाइफटाइम एकवीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून मी दोन्ही लाइफटाइम नेहमी शेजारी-शेजारी लिहितो. ते जुळले नाहीत तर तफावतीचा आकार पाहून चोर कोणत्या वाटेने आला याचा माग लागू शकतो.

अर्थात तफावत खरीही असू शकते. नमुन्यात एकाहून अधिक लाइफटाइम असतील तर फेजवरचा आकडा मॉड्युलेशनवरच्या आकड्यापेक्षा लहान येणारच. फेजवरचा आकडा मोठा आला तर मात्र उत्तेजित अवस्थेत काही प्रक्रिया घडत असली पाहिजे किंवा मांडणी चुकलेली असली पाहिजे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा मांडणीच चुकलेली असते. एकाच वारंवारतेवरून हा निवाडा होत नाही. स्पेन्सर आणि वेबर यांच्या १९६९ च्या काळातल्या उपकरणांना मोजक्या ठरावीक वारंवारतांवर भागवावे लागत होते. वारंवारता सलग बदलता येणारे उपकरण ग्रॅटन आणि लिमकमन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. आज साध्या फंक्शन जनरेटरवर बटण फिरवून वारंवारता बदलता येते, तरीही एका वारंवारतेवरचा एक आकडा प्रबंधात छापला जातो, हे मला आळसाशिवाय दुसरे काही वाटत नाही. निदान पाच-सहा वारंवारता घ्याव्यात आणि लाइफटाइम सगळीकडे तोच येतो का ते पाहावे.

गळती तपासण्यासाठी डोपंट (चमक देणारा घटक) न घातलेली तीच पावडर, किंवा रंगद्रव्य नसलेले तेच सॉल्व्हंट, त्याच जागी ठेवून मोजावे. रंगीत काचेचे काही लाँगपास (लांब तरंगलांबीचाच प्रकाश सोडणारे) फिल्टर निळ्या-जांभळ्या प्रकाशात स्वतःच चमकतात, तेही याच चाचणीत उघड होते. सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या स्वस्त जांभळ्या एलईडीच्या प्रकाशाची शेपटी हिरव्यापर्यंत पोहोचते, त्यामुळे एलईडीच्या तोंडाशीही एक फिल्टर हवाच.

बाकीच्या चुका

एलईडीला बायस (लाटेखालचा स्थिर प्रवाह) न देता थेट साइन लाट जोडली तर तिचा उलटा अर्धा भाग कापला जातो, कारण एलईडी एकाच दिशेने प्रवाह वाहू देतो. प्रकाशाची लाट फोटोडायोडने ऑसिलोस्कोपवर पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

ऑक्सिजन काढला की नाही हे न लिहिता द्रावणाचा लाइफटाइम देऊ नये. रुथेनियमच्या बायपिरिडीन संकुलाचा लाइफटाइम पाण्यात, ऑक्सिजन काढल्यावर, ६०० नॅनोसेकंदांच्या आसपास असतो आणि हवेच्या संपर्कात तो ४०० च्या आसपास उतरतो.

तापमान लिहावे. रुबीचा लाइफटाइम तापमान वाढताच घटतो आणि त्यावर फायबर ऑप्टिक थर्मामीटर चालतात. मे महिन्यात नागपुरात बाहेर पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना कूलरच्या झोतात सकाळी आणि दुपारी मोजलेले आकडे एका तक्त्यात टाकून त्यांत ट्रेंड शोधू नये. कूलरचा पंप आणि लॉक-इन एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नयेत, हे वेगळे सांगावे लागते याचे मला वाईट वाटते.

द्रावण फार गडद ठेवू नये. उद्दीपनाच्या तरंगलांबीला ॲब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला जातो याचे माप) ०.१ च्या आत असावा. बाहेर पडणारा प्रकाश नमुन्यानेच पुन्हा शोषून पुन्हा सोडला की लाइफटाइम फुगतो. रुबीच्या मोठ्या तुकड्यातही हेच घडते.

टाइम कॉन्स्टंट बदलल्यावर त्याच्या किमान पाच पट वेळ थांबून मगच वाचन घ्यावे. दहा सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट लावून तिसऱ्या सेकंदाला आकडा टिपणारे विद्यार्थी मी आजही पाहतो.

आणि सरासरी कधीही फेजची काढू नये. लॉक-इनची फेज १८० अंशांवरून उणे १८० वर उडी मारते, त्यामुळे १७९ आणि उणे १७९ या जवळजवळ एकच असलेल्या दोन वाचनांची सरासरी शून्य निघते आणि संगणक ती निमूटपणे पुढच्या रकान्यात पाठवतो. एक्स आणि वाय हे दोन घटक नोंदवावेत, एलईडी बंद असतानाचे आणि कोऱ्या नमुन्याचे एक्स-वाय त्यांतून वजा करावेत, उरलेल्यांची सरासरी काढावी आणि फेज अगदी शेवटी एकदाच काढावी.